कार्बोरेटरला हात लावायच्या आधी

जुनी गाडी घरी ठेवलीय आणि तिचं कामही स्वतःच करतो असं कळलं की लोक एक निदान फुकटात देऊन जातात, "कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल." सकाळी स्टार्ट होत नाही, कार्बोरेटर. चढावर दम सोडते, कार्बोरेटर. गरम झाली की बंद पडते, मग तर नक्कीच कार्बोरेटर. त्यात तो बिचारा बोनट उघडल्या उघडल्या समोरच दिसतो, चार स्क्रू काढले की उघडतो, आत बारीक बारीक पितळी जेट, फ्लोट, स्प्रिंगा असं सगळं मजेशीर सामान, त्यामुळे हात आपसूक तिकडेच जातो. आणि चांगला चाललेला कार्बोरेटर खोलायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण, कारण जुनं पॅकिंग फाटतं, मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू किती फिरवलेला होता ते डोक्यात राहत नाही, आणि मग जो प्रॉब्लेम नव्हता तोही सुरू होतो.

माझी गाडी तशी साधीसुधी, पॉईंट-कंडेन्सरवाली (म्हणजे स्पार्कची जुनी, इलेक्ट्रॉनिक नसलेली पद्धत), चार सिलेंडर, चार्जिंगला डायनॅमो, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिच्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की अशा गाडीत पेट्रोलचा वाटणारा प्रॉब्लेम बऱ्याच वेळा करंटचा निघतो, आणि करंटचा आहे की पेट्रोलचा हे पाना हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटांत कळू शकतं, फक्त ती दहा मिनिटं शांत बसून द्यायची तयारी पाहिजे. नाहीतर आज प्लग बदल, उद्या कॉईल बदल, परवा पंप बदल, असं साप म्हणून भुई धोपटणं चालू राहतं.

पहिली खूण म्हणजे गाडी कशी बंद पडली. चालता चालता फाटकन, बटण बंद केल्यासारखी गेली तर आधी करंट बघायचा. गचके खात, रेस दिली की जास्त दम सोडत, हळूहळू मेली तर पेट्रोल. हा नियम शंभर टक्के खरा नाही पण सुरुवात कुठून करायची एवढं नक्की सांगतो.

दुसरं, बंद पडली की तिथेच, त्याच क्षणी स्पार्क बघायचा. हे मी परत परत सांगतो कारण नव्वद टक्के लोक गाडी थंड होऊ देतात, मग ती स्टार्ट होते, मग घरी येऊन सगळं तपासतात आणि सगळं ठीक सापडतं, सापडणारच ना. कंडेन्सर आणि कॉईल दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर साळसूदपणे परत चालतात. गरम पेट्रोलची लाईनमध्येच वाफ होऊन पंपाला ते ओढता न येणं, म्हणजे व्हेपर लॉक, त्याचीही लक्षणं हुबेहूब तीच, गरम झाली बंद पडली, थंड झाली चालू झाली. दोघांत फरक करायचा तर बंद पडलेल्या गरम गाडीवरच करता येतो. म्हणून गाडीत एक जास्तीचा प्लग ठेवायचा, एका सिलेंडरची वायर काढून त्याला लावायची, प्लगची बॉडी इंजिनला टेकवायची, धरायची इन्सुलेटेड पकडीने, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळा, टकटक आवाज करणारा स्पार्क आला तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट मरतुकडा आला किंवा आलाच नाही तर कार्बोरेटरकडे बघूसुद्धा नका. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना तेवढं आधी बघायचं, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

आता पॉईंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा डबा) उघडमीट करणाऱ्या दोन टिकल्या. ही सिस्टीम अमेरिकन इंजिनियर चार्ल्स केटरिंगची, कॅडिलॅकच्या 1910 च्या मॉडेलपासून आली, 1912 मध्ये कॅडिलॅकलाच त्याचा इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला, आणि पुढे साठेक वर्षं बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर चालल्या. तत्त्व सोपं आहे, पॉईंट मिटलेले असताना कॉईलमधून 12 व्होल्टचा करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं, कॅमने (फिरणाऱ्या शाफ्टवरच्या उंचवट्याने) पॉईंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि कॉईलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात, तो प्लगवर स्पार्क. कंडेन्सर तिथे एवढ्यासाठी की पॉईंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून वेळ जाऊ नये, करंट झटक्यात तुटावा. चार सिलेंडरचं इंजिन 3000 आरपीएमला असेल तर हे सगळं सेकंदाला 100 वेळा होतं. त्या एवढ्याशा दोन टिकल्या सेकंदाला 100 वेळा उघडमीट करतायत, हे एकदा डोक्यात घेतलं की त्यांच्याकडे लक्ष द्यायचा कंटाळा येत नाही.

गॅप बहुतेक गाड्यांना 0.4 मिमीच्या आसपास, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. वापरलेल्या पॉईंटवर एका टिकलीवरचा धातू दुसरीवर जाऊन बसतो, म्हणजे एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ. फिलर गेजची सपाट पट्टी त्यात घातली की ती टेंगळाला अडते आणि आपल्याला वाटतं गॅप बरोबर आहे, प्रत्यक्षात तो जास्त असतो. म्हणून जुन्या पॉईंटचा गॅप गेजने लावायचा नाही, एकतर कानस मारून टेंगूळ काढा किंवा नवे टाका किंवा डवेल मीटर (पॉईंट किती वेळ मिटलेले राहतात ते दाखवणारा) वापरा. दुसरं, कॅमवर घासणारा तो फायबरचा तुकडा झिजत जातो, तसा गॅप कमी होत जातो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे पडतं. हे इतकं हळू होतं की आपल्याला कळतच नाही, गाडी थोडी आळसावते, थोडी जास्त गरम होते, आणि आपण म्हणतो वय झालं तिचं. वय नाही झालं, कॅमवर ग्रीस लावायचं राहिलंय! अगदी चिमूटभर लावायचं, जास्त लावलं तर उडून पॉईंटवर बसतं.

यातूनच क्रम ठरतो, आधी गॅप, मग टायमिंग, उलटं कधीच नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप हललं. स्टॅटिक टायमिंगला, म्हणजे इंजिन बंद ठेवून टायमिंग लावायला, स्ट्रोबसुद्धा (टायमिंग बघायचा लुकलुकता दिवा) लागत नाही. 12 व्होल्टचा एक छोटा बल्ब घ्यायचा, एक वायर कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. इंजिन हाताने फिरवत पुलीवरची खूण बरोबर आकड्यासमोर आणायची, आणताना फिरायच्या दिशेनेच आणायची, पुढे गेली तर थोडी जास्त मागे घेऊन परत पुढे यायचं म्हणजे चेनमधला ढिलेपणा मध्ये येत नाही. इग्निशन ऑन करायचं, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा आणि तो अगदी हळू फिरवायचा. पॉईंट मिटलेले असताना बल्ब बंद असतो. ज्या क्षणी तो लागतो त्या क्षणी पॉईंट उघडले, तिथेच थांबायचं आणि बोल्ट आवळायचा. आवळताना डिस्ट्रिब्युटर केसभर सरकतोच, म्हणून परत एकदा तपासायचं. हे काम झालं की इग्निशन ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉईंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर कॉईल तापत बसते.

आणि नवीन पार्टबद्दल. नवीन म्हणजे चांगला असं जुन्या गाडीच्या बाबतीत अजिबात धरून चालू नका. बाजारात येणारे नवे कंडेन्सर आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा तुकडा) कधीकधी काढलेल्या जुन्यापेक्षा वाईट असतात, रोटरमधून करंट आतल्या आत शाफ्टला उतरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून काढलेला पार्ट चालू स्थितीत असेल तर फेकायचा नाही, डबीत ठेवून डबी गाडीत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, पॉईंट, कंडेन्सर, कॅप सगळं एकदम बदललं आणि गाडी बिघडली तर आता कुणाला धरणार?

स्पार्कनंतर माझा आवडता संशयित म्हणजे अर्थ. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडीच्या मध्ये एक जाड विणलेली पट्टी असते, ती गंजली किंवा कुणीतरी काम करताना काढून परत लावलीच नाही तर सेल्फचा तो प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट असते चोकची केबल किंवा ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारताना इंजिन रडत रडत फिरतं, आपण बॅटरीला शिव्या देतो, आणि तिकडे चोकची केबल हाताला चटका बसेल इतकी तापलेली. कव्हर वितळलेलं दिसलं तर समजून जायचं. तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो, एक टोक बॅटरीच्या त्या खांबावर जो अर्थला जातो, क्लॅम्पवर नाही थेट खांबावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ मारताना आकडा बघायचा. 0.2, 0.3 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढे व्होल्ट वाटेतच वाया चाललेत. ओहमवर लावून मोजू नका, तिथे एक तार जरी जोडलेली असली तरी सगळं छान दिसतं, भार पडल्यावरच खरं बाहेर येतं. हेडलाईट मंद, इंडिकेटर दिल्यावर भलताच दिवा लुकलुकणे, पेट्रोलचा काटा हेडलाईट लावल्यावर हलणे, सगळी याच घराण्यातली मंडळी. डायनॅमोवाल्या गाडीत आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो तो मात्र बिघाड नाही, डायनॅमो कमी आरपीएमला चार्ज करतच नाही. आणि बॅटरी काढली असेल तर लावण्याआधी अर्थ कुठला आहे ते बघा, विशेषतः जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असतो.

समजा स्पार्क झकास आहे, अर्थ झकास आहे, तरी ओढत नाही. तरीही कार्बोरेटर नाही! आधी प्लग काढून बघा, बिस्किटासारखा तांबूस असेल तर मिक्श्चर बरोबर आहे, सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा गरम, तेलकट ओला म्हणजे ऑईल वर येतंय. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, गेजने मोजा, सगळे प्लग काढून, कॉईलची वायर काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. नेमका आकडा किती आला यापेक्षा चार सिलेंडरमध्ये फरक किती हे महत्त्वाचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असतील तर निवांत राहा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत मोजा, वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व.

व्हॉल्ववरून शिशाचं आठवलं. पेट्रोलमध्ये शिसं घातलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) थांबतं हे 1921 मध्ये थॉमस मिजलीने शोधलं, आणि त्याचा बॉस कोण, तर हाच पॉईंटवाला केटरिंग. त्या शिशाचा एक फुकटचा फायदा असा होता की एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटवर (व्हॉल्व मिटून टेकतो ती कडा) त्याचा थर बसायचा आणि सीट झिजत नसे. शिसं माणसांसाठी विषच होतं, ते गेलं हे उत्तमच झालं, शेवटचा देश अल्जीरिया, 2021 मध्ये. पण जुन्या इंजिनात सीट थेट ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कापलेली असेल तर जोरात आणि लांब चालवल्यावर व्हॉल्व हळूहळू आत बसत जातो. याची खूण टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या भागात, दिसते. टॅपेटचा गॅप एरवी झिजून वाढतो आणि टकटक आवाज येतो, पण एक्झॉस्टचा गॅप दर वेळी कमी झालेला सापडत असेल तर व्हॉल्व आत चाललाय. आवाज नाही म्हणून खूश होऊ नका, टॅपेट वाजतोय तोवर निदान व्हॉल्व पूर्ण मिटतोय तरी. असं दिसलं तर पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, तोवर गॅप लावत राहा आणि रेस जरा जपून.

बरं आता पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. पाइप आतून मऊ पडतात, बाहेरून भेगा पडतात, पंपाचं डायफ्रॅम कडक होतं. काही जुन्या गाड्यांच्या टाकीतला फ्लोट बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर लाखेचं पॉलिश, आणि लाख विरघळते कशात तर अल्कोहोलमध्ये, म्हणजे फ्लोट पेट्रोल पिऊन बुडतो आणि काटा कायम रिकामी टाकी दाखवतो. यात पैसे आणि वेळ वाचवू नये अशी एकच जागा, पेट्रोलचे पाइप, इथेनॉल चालणारे नवे टाका, क्लिपांसकट, आणि आग विझवायचा सिलेंडर गाडीत हाताशी ठेवा, डिकीत सामानाखाली नको. टाकी आतून गंजली असेल तर कार्बोरेटर कितीही वेळा धुवा, काही दिवसांत परत तेच, कचरा येतोय कुठून ते थांबवल्याशिवाय उपयोग नाही.

आणि एवढं सगळं बघून झाल्यावर, हो, कार्बोरेटर. मिक्श्चरचा स्क्रू आधी आत घालत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा, हलक्या हाताने, टोक दाबून बसवू नका. जेटमध्ये तार घालायची नाही, ते भोक शंभराव्या मिलिमीटरच्या हिशोबात केलेलं असतं आणि पितळ मऊ, हवेने फुंकायचं. आयडलिंग काही केल्या लागत नसेल तर थ्रॉटलचा स्पिंडल हलवून बघा, तिथे झीज असेल तर जास्तीची हवा आत जाते आणि मग जेट बदलून, स्क्रू फिरवून काहीही होत नाही.

नट-बोल्टांवर लिहायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल, पण एक सांगतोच. जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने लागतात हे ऐकलेलं असतं, पण एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टी सिरीज गाड्यांमधल्या एक्सपीएजी इंजिनात बोल्टचं डोकं व्हिटवर्थचं आणि आटे मेट्रिक! कारण ते इंजिन मॉरिसच्या ज्या कारखान्याच्या परंपरेतलं, तो 1923 मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतलेला, मशिनरी फ्रेंच मेट्रिकची, आणि पाने ब्रिटिश मेकॅनिकच्या हातातले. म्हणून पाना बसला म्हणजे आटा तोच असं समजून दुसरा बोल्ट ठोकून बसवू नका. बोटांनी दोन-तीन फेरे गेला तर ठीक, नाही गेला तर तो त्या जागचा नाही. अडकलेला नट असेल तर आदल्या रात्री तेल सोडा, सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडवा.

ब्रेकचं मात्र अंदाजपंचे काही नको. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 हा ब्रेक ऑईलचा प्रकार कोरडा असताना 230 अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषल्यावर तोच आकडा 155 पर्यंत येऊ शकतो, आणि उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होऊन पेडल थेट जमिनीला. बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं, एक व्हील सिलेंडर गळला की सगळेच ब्रेक गेले. म्हणून दोन वर्षांनी ऑईल बदला, गाडी चालली असो नसो. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. ब्रेक सोडल्यावरही एखादं चाक जाम राहत असेल तर सिलेंडर खोलायच्या आधी त्या चाकाचा रबरी पाइप बघा, आतून फुगून बंद होत आलेला असतो, जोरात दाबलं की ऑईल जातं पण परत येत नाही. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावा, लावल्यावर गाडी हलवून बघा, मगच खाली.

गाडी उभी ठेवणाऱ्यांसाठी शेवटचं. दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करणं याला मेंटेनन्स म्हणतात असं बऱ्याच जणांना वाटतं, उलट त्याने नुकसानच होतं. इंजिन नीट तापत नाही, आत झालेलं पाणी ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं, आणि डायनॅमोवाली असेल तर सेल्फने बॅटरीतून घेतलेलं परतही भरत नाही. एकतर वीस-तीस किलोमीटर चालवून आणा म्हणजे ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स सगळं तापेल आणि हलेल, नाहीतर स्टार्टच करू नका, बॅटरी काढून ठेवा. बाहेर काढण्याआधी टायरचं वय बघा, नक्षी किती शिल्लक आहे त्यावर जाऊ नका, जुन्या गाडीचा टायर झिजून नाही, वाळून मरतो. साइडवर डॉट अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. दहा वर्षांच्या वर गेला असेल तर बदला. आणि चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 च्या आधीचा आहे, त्यावर गाडी फाटकाच्या बाहेरसुद्धा काढू नका.